शंभरपैकी चोपन्न

गंजगोलाईमागं, खताच्या दुकानावर,
इक्रामभाईच्या कॅफेत बारा खुर्च्या.
चार नंबरची मुंजाजीची.
पाठ तुटलेली, म्हणून तासाला पाच रुपये कमी.
खाली युरियाचा वास, वर आम्ही
तलवारी उपसून.

'सातवी वेस'चा पहिला भाग आला तेव्हा आम्ही दहावीत.
जगभरच्या समीक्षकांनी एक्क्याण्णव दिले.
एक्क्याण्णव म्हणजे लातुरात चौकात फ्लेक्स लागतो,
क्लासवाले फेटा बांधतात,
आई पेढ्याचा पुडा घेऊन गल्लीभर फिरते.
दुसऱ्या भागाला चौऱ्याऐंशी.
इक्रामभाई म्हणाले, बरंय, कुठंतरी लागेल नंबर.

तिसऱ्याला चोपन्न.

मुंजाजीनं सगळी परीक्षणं वाचली,
डिक्शनरी उघडून, एकेक शब्द,
आणि वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतली:
तोच ड्रॅगन, तोच पूल, धुकं तेवढं नवीन.
नकाशा अफाट आणि रिकामा.
नायकाला सारखी तहान लागते, याचा वैताग येतो.

इथं तो थांबला.
"पखाल भरून ठेवायची की," म्हणाला, "यात अवघड काय हाय?"
आमच्या हॉस्टेलात नळ दहाव्या दिवशी.
खेळात त्याच्याकडं कायम सतरा पखाली,
राक्षस अंगावर आला तरी
हा आधी आडावर जाऊन येणार.
नकाशाही त्याला रिकामा दिसेना.
"आमच्यापासून किनगावपस्तोर असंच हाय,
दोन बाभळी आन् एक पाटी."

शेवटच्या वेशीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत.
राखणदार हरतच नाही, लढत अन्यायाची,
बनवणाऱ्यांची चूक, असं तिघांनी लिहिलं.
एकानं आकडा दिला: एकशे बारा वेळा मेलो, मग बंद केलं.
मुंजाजी त्रेसष्ट वेळा मेला.
मी मोजत होतो, मांडीवर रसायनशास्त्र उघडं.

चौसष्टाव्याला, पहिला वार करायच्या आत, फोन आला.
निकाल लागून दोन तास झाले होते.
त्यानं जॉयस्टिक पालथी ठेवली
आणि जिन्यात गेला.
"हां बाबा. चारशे अकरा.
सातशे वीसपैकी.
न्हाई, यंदा कट-ऑफ लई वर हाय.
बघू.
जेवलाव. हो, जेवलाव म्हणलं ना."

परत आला तेव्हा अकरा मिनिटं झालेली.
राखणदारानं कुऱ्हाड खाली ठेवली होती.
दगडावर बसला होता, गुडघे धरून,
बस चुकलेल्या म्हाताऱ्यासारखा,
आणि त्याच्यामागं वेस
सताड उघडी.

इक्रामभाई गल्ला सोडून उठून आले. कुणी बोललं नाही.
खाली कुणीतरी गोण्या मोजत होतं, बावीस, तेवीस.
मुंजाजी लगेच आत गेला नाही.
पखाल काढली,
राखणदाराला द्यायचं बटण शोधत राहिला
बराच वेळ.
नव्हतंच तसलं बटण.

त्या रात्री त्यानं परीक्षण लिहिलं, मराठीत,
भौतिकशास्त्राच्या वहीत, साडेतीन पानं.
पखालीच्या बटणाबद्दल अख्खं पान, जरा रागानंच.
खाली गुणांसाठी चौकट आखली
आणि तशीच सोडली.
कुणाला पाठवलं नाही.
वही माझ्याकडं राहिली, तो अहमदपूरला
मामाच्या ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात गेला.
बेअरिंगचे नंबर आता तोंडपाठ आहेत त्याला.

पुढच्या वर्षी मला सहाशे बत्तीस पडले.
चौकात फ्लेक्स लागला, माझा चेहरा जरा रुंद.
त्या संध्याकाळी चार नंबरच्या खुर्चीत बसलो,
वेशीपर्यंत गेलो, जॉयस्टिक पालथी ठेवली,
हात मांडीखाली दाबून धरले.
सातव्या मिनिटाला राखणदाराचा खांदा हलला
आणि मी घाबरून उचलली.

इक्रामभाई म्हणाले, तासाचे पूर्ण पैसे पडतील,
खुर्चीला पाठ बसवून घेतलीय.