बेचक्यातलं तणस

कारखान्याचं नाव पुसलं गेलं, वास राहिला.
चिचघाटच्या शिवारात, सात नंबरच्या खड्ड्यात
निजवून ठेवलंय ते पिवळट, चिकट काहीतरी;
वर प्लास्टिकची चादर, चादरीवर दीड मीटर काळी माती,
मातीवर माझी सही.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला
आणि माती उलली.
वहीत मी लिहिलं : भेग, रुंदी चार सेंटिमीटर.
देवाजी कुळमेथेनं टिकासाचा दांडा आत सोडला,
मुठीपर्यंत गेला.
"काळी माती हाये मॅडम.
उन्हाळ्यात आ वासते, पावसात पोट फुगवते.
इच्या भरवशावर कोनी झाकन ठेवते का?"

नकाशातला पाऊस पंचवीस वर्षांतून एकदा येणारा होता.
त्याच्याच मापाचे चर, त्याच्याच मापाचं बिल.
देवाजीनं मला नाल्याकाठच्या पळसाशी नेलं
आणि हनुवटीनं वर दाखवलं :
बेचक्यात, माझ्या डोक्याच्या दोन हात वर,
वाळलेलं तणस, एक चिंधी, बाभळीची काटकी.
"चौऱ्याण्णवचा पूर."
जरा थांबून, "तेराचाबी."
मग तंबाखू मळत, "आन् मागच्या सालचा."

मी टेप लावला.
ऑफिसात म्हणाले, झाडाला कोण पुरावा मानतं?
तीन पत्रं, एक भांडण,
आणि शेवटी मुरमाचे चाळीस टिप्पर,
ऊन काळीपर्यंत पोचू नये म्हणून.
उतारावर वाळ्याची रोपं.
चर पळसाच्या मापाचे.

जुलैत एका रात्री ढग जागचा हललाच नाही.
लाईट गेली. डिझेल होतं,
पण पंप हँडल मारूनही नुसता खोकत राहिला.
पंचफुला आत्रामनं त्याला त्याच्या बापावरून शिवी दिली,
तेव्हा लागला.
पहाटेपर्यंत आम्ही एकमेकांची तोंडं
फक्त विजेत पाहिली.

सकाळी मुरूम जागच्या जागी.
उत्तरेचा एक कोपरा तेवढा खचलेला,
ताटाएवढा.
त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरीतून बाटली भरली,
चिठ्ठी डकवली, दुपारच्या एसटीनं नागपूरला धाडली.
अहवाल आठ दिवसांनी.
पाणी दिसायला नितळ होतं.
"वास घेतला का?" देवाजीनं विचारलं.
मी घेतला नव्हता.

नाला उतरला तसे पळसाकडे गेलो.
बेचक्याच्या वर, फांदीला, नवं तणस,
अजून ठिबकणारं,
जुन्यापेक्षा वीतभर उंच.

देवाजी काही बोलला नाही.
मी पिशवीतून टेप काढला.