सेटल

सोहारच्या बंदरामागे तेलाच्या अठ्ठावीस टाक्या.
माझं काम एवढंच: दर पंधरवड्याला
लेव्हल लावून लिहायचं, कोणती किती बसली.
एकोणीस नंबर: तीन मिलिमीटर.
इंग्रजीत याला सेटलमेंट म्हणतात.
भरलेली टाकी बसणारच.
चहूकडून सारखी बसली तर हरकत नाही,
एका बाजूनं बसली तर फोन करायचा.

चिपळूणहून आत्या विचारते, झालास का रे सेटल?
तिच्या तोंडी हा शब्द कधीच मराठी झाला:
फ्लॅट, बायको, शक्यतो त्याच क्रमानं.
मी सांगतो, एकोणीस नंबर, तीन मिलिमीटर.
ती म्हणते, म्हणजे किती गुंठे?

शुक्रवारी रझाक मुकादम खोलीवर आला,
हातात घडी न घातलेला कागद.
बावीस वर्षं स्टोअरला; अंधारातसुद्धा
बोल्टचा नंबर वजनावरून सांगतो.
कागदावर वरती: फुल अँड फायनल सेटलमेंट.
खाली ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, तिकीट एकेरी.
म्हणाला, साहेब बोलला सही कर, की तू सेटल.
म्हणजे नेमका काय?

मिटवणं, मी म्हटलं.
भांडण कुठं झालं होतं?
मग, भागवणं.
एवढ्यात भागतंय होय?
स्थिरावणं.
अरे, मी तर निघालोय.

मग मी बसणं काढलं.
वारा पडला की धूळ बसते, ते सेटल.
चहाची पूड तळाला बसते, तेही.
आणि आवाज बसतो तो?
नाही, त्याला दुसरं क्रियापद आहे.
धक्का?
नाही.
जम?
हो, जम बसतो ते सेटल.

त्यानं कागद उलटा केला, मागे हिशेब मांडला:
दोन वर्षांनी दोन महिने,
म्हणजे गावी एकूण बावीस महिने.
बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.
मग कागद सुलटा करून सही केली
आणि पेन खिशाला लावलं. स्टोअरचंच होतं.

आता तिथं नवा पोरगा आहे, त्याला खुर्ची दिलीय.
मुकादमचं स्टूल भंगारात गेलं,
प्लायवुडच्या जमिनीत चार खळगे राहिले.
कोणी बघत नाहीसं पाहून मी वाकलो, पट्टी लावली.
तीन पाय चार मिलिमीटर.
दाराकडचा, सात.

मी फोन लावला.