फोटो दिसला नाही तर

एदुविना कार्कामो, वय अडुसष्ट,
ग्रंथालयात येते ती नखांत माती घेऊनच.
"हात धुतलेत," आधीच सांगून टाकते,
"ही माती धुण्यापलीकडची आहे."
की-बोर्डवर रुमाल अंथरू का, विचारते.

लाँच दहाला आचाओच्या धक्क्याला लागते,
चारला परत निघते.
मधल्या वेळात तिला
तिच्या बटाट्यांचं वेब पेज करायचंय.

मी सांगते : हा कोनी कंस, मधे नाव, हा दुसरा कंस.
उघडलं की बंद करायचं. बंद करताना एक तिरकी रेघ.
"फाटकासारखं," ती म्हणते, "नाहीतर मेंढ्या जातात."
हो, मेंढ्याच जातात.
तासाभरात तिचा मथळा बंद व्हायचा राहिला
आणि सगळं पान शेवटच्या ओळीपर्यंत
जाड अक्षरांत ओरडत सुटलं.

वर हेड, खाली बॉडी.
"आणि पाय?"
पाय नसतात.
"मग हे चालतं कसं?"
मला कोर्समध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं.

एका खुणेत दुसरी बसवायची, हे मात्र
तिला सांगावं लागलं नाही.
तिच्या घराच्या भिंतींना लाकडी खवले आहेत,
आधी खालचा ठोकायचा, मग वरच्याने त्याला झाकायचं.
यादी तिने एका दमात लिहिली :
मिचुन्ये, काळा. क्लावेला. मुर्ता.
ब्रुखा म्हणजे चेटकीण, उकडली तरी जांभळीच.
प्रत्येक ओळीपुढे आपोआप ठिपका उमटला
तेव्हा पडद्यावर बोट घासून
तिने तो पुसून पाहिला.

मग फोटो.
फाइलचं नाव मोठ्या अक्षरांत, आम्ही लिहिलेलं लहान,
म्हणून फोटोच्या जागी एक फाटका चौकोन.
"दिसला नाही तर काय वाचायचं,
ते या अवतरणचिन्हांच्या आत लिहा."
तिने लिहिलं : शेतात बाई. हातात टोपली.

नाव सुधारलं. फोटो आला.
काळापांढरा, एका कोपऱ्यात दुमडलेला.
"आणि माझे शब्द?"
आहेत. फोटोच्या मागे.
"मागे कोण बघायला जाणार?"
ज्यांना दिसत नाही ते, मी म्हटलं.
त्यांचा फोन मोठ्याने वाचून दाखवतो.

स्टोव्हमध्ये लाकूड बसल्याचा आवाज झाला.

ओतिलिया पुंता आरेनासला असते हे गावाला ठाऊक आहे,
लोकर कातरणाऱ्यांचा स्वयंपाक करायला गेली ती तिकडचीच झाली.
गेल्या हिवाळ्यात उजवा डोळा. मग डावा.
एदुविना यातलं काही बोलली नाही.
खुर्ची पुढे ओढली आणि
'शेतात बाई' खोडलं,
एकेक अक्षर मागे जात.

*ही तू आहेस. आईचे बूट घातलेस, दोन्ही डावे.
टोपलीत चेटकीण आहे. फोटोत काळी दिसते
पण तिचा रंग तुला माहीत आहे.
मी कुंपणापाशी उभी होते, फोटोत आले नाही.
नंतर टोपली चिखलात गेली, ती मी ढकलली.
कुत्र्याचं नाव मी घेतलं.*

हा मजकूर आटोपशीर ठेवावा,
असं शिकवायचं असतं.
मी टेबलावरची माती गोळा करत राहिले.

"आता बंद करू?" तिचं बोट तिरक्या रेघेवर.
नको. फोटोच्या खुणेला जोडीदार नसते.
"एकटीच?"
एकटीच.

चार वाजत आले होते. तिने रुमालाची घडी केली,
सेव्ह कसं होतं ते दोनदा करून पाहिलं,
कोट घातला,
आणि दारातून वळून म्हणाली,
फोनला सांगता येतं का गं,
कुत्र्याच्या ओळीशी जरा हळू वाच म्हणून?