उष्टं

जुनी चित्रं पुसायला थुंकीसारखं दुसरं काही नाही,
हे मला दोन फिलोमेनोंनी शिकवलं.
कापसाचा बोळा जिभेवर धरायचा,
मग हलकेच फिरवायचा,
नखाएवढ्या जागेत. घाई नाही.
त्या दिवशी सकाळी कॉफी नाही. लसूण तर नाहीच.

आठ महिने झाले.
नेपल्सच्या सानितात, या ओल धरलेल्या खोलीत,
मी साडेतीनशे वर्षांचा मेणबत्त्यांचा धूर चाटते आहे.
आधी डाळिंब उजळलं, मग अंजिरं,
मग एक गांधीलमाशी,
जिला आजवर सगळे डाग समजत होते.

कॅनव्हासच्या पाठीवर कोळशानं हिशोब आहे:
कार्मोसिनाकडून खरबूज एक. परत एक.
डाळिंबं दोन. एक फोडलं, त्याचे पैसे दिले.
पीच पाच. परत चार.

म्हणजे फळं भाड्याची होती.
दिवसभर उजेडात बसायची,
संध्याकाळी टोपलीतून बाजारात,
रात्री कुणाच्या तरी पोटात.
आनिएल्लोला ती खाणं परवडत नव्हतं,
नुसतं बघणं परवडत होतं,
तेही उधार.

पुढून मोजले तर पीच चारच.
पाचव्याच्या जागी द्राक्षवेलीचं पान,
जरा जास्तच मोठं,
कुणी दार वाजवल्यावर ओढलेल्या पडद्यासारखं.

मंगळवारी क्ष-किरणांची फिल्म आली.
पानाखाली पीच आहे.
पीचला चावा.
तोंड लहान; चाव्याच्या मधोमध गराची एक कड तशीच उभी,
म्हणजे पुढचा दात पडलेला.

रंग वाटणारं पोर असेल. तित्ता म्हणू त्याला.
सात वर्षांचा, पहाटेपासून शिसं घोटत बसलेला,
आणि समोर ते, हाताच्या अंतरावर, घमघमत.
मार खाल्ला का, ते पाठीवर लिहिलेलं नाही.
आनिएल्लोनं चावा आधी नीट रंगवला, एवढं दिसतं.
फिल्ममध्ये रंग नसतो, पण हात कळतो:
एकेका दाताच्या खुणेशी ब्रश थांबलाय.
खरबुजाशीसुद्धा तो इतका थांबलेला नाही.

मग गिऱ्हाईक आलं असेल. रेशमाचा व्यापारी, समजा.
रुमाल नाकाशी नेत म्हणाला असेल,
माझ्या जेवणघरात
कुणाचं उष्टं मी टांगणार नाही.

काल मालकांचा फोन होता.
पान काढता येईल का? किंमत वाढेल?
येईल, म्हटलं. बघते.

आज बोळा जिभेवर धरला,
पानाच्या कडेपर्यंत गेले
आणि बोळा टाकून दिला.

शेठ, तुमची चांदीची सुरी, तुमचा गालिचा,
डाळिंबाचा दाणा न् दाणा,
माशीचे पंखसुद्धा
माझ्या तोंडचे झालेत.
अख्ख्या ताटात एकच फळ राहिलंय
ज्याला माझी जीभ लागलेली नाही.

ते तित्ताचं.