कुठल्या ओळीवरून?

सातवी ब, तिसरा तास, इंग्रजी.
पंखा आवाजापुरताच फिरतोय,
मार्चच्या उन्हानं वरचे पत्रे तडतडतायत.
पाठ दुसरा: दीपगृहाचा म्हातारा रखवालदार.
समुद्र न पाहिलेली बेचाळीस मुलं,
आणि मी, एकदाच पाहिलेला,
डी.एड.च्या सहलीत. तेव्हाही ओहोटी होती.

फळ्यावर प्रश्न: म्हातारा दयाळू होता का?
उत्तरं सगळी एकाच मागावर काढलेली.
होय, तो दयाळू होता, कारण तो चांगला होता.
पलीकडच्या बाकावर:
तो चांगला होता, कारण दयाळू होता.

मी खडू ठेवला.
म्हटलं, बाबांनो, हे मत झालं.
मत अशोक चौकात उभं राहिलं तरी फुकट मिळतं.
पुरावा द्या. पान कितवं, ओळ कितवी,
अवतरणात त्याचेच शब्द,
आणि खाली एक वाक्य तुमचं:
यावरून मला असं का वाटलं.
टॉवेल घेताना तुमच्या आया
घडी मोडून उजेडाकडे धरतात ना,
तसं वाक्य धरा.

नागेश यमुल म्हणाला,
"आमच्यात टॉवेल घेत नाहीत सर, विणतात."
वर्ग हसला. मीही हसलो.
मुद्दा त्याचा बरोबर होता.

मग शेवटून दुसऱ्या बाकावर
सृजना गज्जम उभी राहिली,
जूनपासून जिचा एकच शब्द ऐकलेला: प्रेझेंट.
"म्हातारा दयाळू नव्हता, सर.
पान चौतीस, ओळ नऊ.
पोरगं बोलत असतानाच त्यानं खिडकी लावून घेतली.
वाऱ्यामुळं म्हणाल, तर वारा नव्हता.
ओळ सात: समुद्र शांत होता."

अकरा वर्षं शिकवतोय हा पाठ.
गाइडात दयाळू, माझ्या समासातल्या टिपणात दयाळू, चार गुण.
अकरा वर्षं त्या खिडकीपाशी
मी न छापलेला वारा धरून चाललो होतो.

"बैस," म्हटलं. बसली नाही.
दप्तरातून प्रगतिपुस्तक काढलं.
"अजून एक विचारू?
अभ्यासात लक्ष नाही,
हे कुठल्या ओळीवरून म्हणालाव, सर?"

अक्षर माझंच. लाल शाई, सही, तारीख.
मी तिची वही मागवली.
खोटं कशाला बोलू, जिंकायला मागवली.

पान बारा: समास आखलेला, अक्षर सुबक.
पान तेरा: अक्षर ओळ सोडून उतरत गेलेलं,
शेवटचा शब्द अर्धाच.
पान चौदा: कोपऱ्यात पेन्सिलीनं वजाबाकी,
हजारातून एकशे चाळीस छाट.
पान पंधरा उघडलं आणि घडीतून
तंबाखूची भुकटी उडाली.
मी शिंकलो.
कुणी हसलं नाही.
निम्मा वर्ग विडी घरकुलातून येतो.

घंटा झाली.
शेरा खोडला तर खाडाखोडीवर सही लागते.
केली.
मग पेन हातात धरून बसलो,
पोरं डब्यांवर तुटून पडली,
शेंगाचटणीचा वास टेबलापर्यंत आला,
तरी मला वाक्य जमेना.
शेवटी लिहिलं:
वाचते. पुरावा: पान चौतीस, ओळ नऊ.

दुसऱ्या दिवशी पालकांच्या रकान्यात
तेलुगूतून सही, आणि खाली आणखी काहीतरी.
मला ती लिपी येत नाही.
"काय लिहिलंय गं?"

"आईनं लिहिलंय, सर.
रात्री पानं कापताना मी तिला पाठ सांगितला.
ती म्हणती, खिडकी लावली ते खरं,
पण त्या रात्री दिवा तर लागला होता की.
लावणाऱ्याचा हात थरथरत होता का,
ते कुठं लिहिलंय?"

मी पान पस्तीस उघडलं.
ती माझ्या आधी पोचली होती,
बोट ओळीवर ठेवून.