विरळणी

यादी पेन्सिलीने लिहायची, ही फ्रेनी मिसची शिकवण.
"पेनने लिहिशील तर खोडलेलं दिसते, पोरी रडते."
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली,
त्यांची खुर्ची माझ्या पाठीला अजून बसत नाही.

देवळाली कॅम्पातला हा हॉल. वर पत्रा,
भिंतीला सातपूरच्या प्लंबरने ठोकलेला जीआय पाइप,
तोच आमचा बार. पहिल्या दिवशी
मी त्याला माकडासारखी लोंबकळले.
"अरे गायधनी, पकडते कशाला?
हात ठेव फक्त. ताप बघते ना कपाळावर, तसा."

पप्पा नोटांच्या प्रेसमध्ये.
दिवसभर ताव मोजायचे,
संध्याकाळी झडती देऊन, खिसे उलटे करून घरी.
बॅले म्हणजे काय हो, शेजारी विचारायचे.
"टाचा न टेकता चालायचं. अवघड असतं."
एवढंच सांगायचे.
बुटांची टोकं मऊ पडली की
आतून फेव्हिकॉल लावून
रात्रभर खिडकीत वाळत ठेवायचे, जोडीजोडीने,
सकाळी त्यांचीही मोजणी व्हायची असल्यासारखे.

सहा वर्षं मागच्या रांगेत.
हंस, बर्फ, गावकरी, पुन्हा बर्फ.
कालिदासच्या विंगेत घाम निथळत बर्फ व्हायचं
आणि केसांत थर्माकोल घेऊन
शेवटच्या बसने नाशिकरोड गाठायचं.
कंडक्टर एकदा म्हणाला, ताई, लग्न होतं का?
मग पुढची रांग. मग एकटीची चार मिनिटं.
त्या चार मिनिटांवर मी नऊ वर्षं जगले.

घोटा गेला तो नाचताना नाही.
शालिमारला रिक्षातून उतरताना,
एका हातात कोथिंबीर.

मग मी आकडे म्हणायला लागले. पाच, सहा, सात, आठ.
मग पडद्याची शिलाई, हॉलचं भाडं,
महापालिकेची परवानगी, पालकांचे फोन.
नेमलं कुणीच नाही.
एका रात्री किल्ली माझ्या पर्समध्ये राहिली
आणि कुणी ती परत मागितली नाही.
लेटरहेडवर 'कलसंचालक' छापून आलं, काना गाळून.
पाचशे प्रती आहेत. वापरतेय.

रेणू बोरस्ते पिंपळगावहून येते,
दोन बस बदलून, डब्यात पोळीचा लाडू.
उडी मारते तेव्हा
खाली यायचं विसरल्यासारखी वाटते. क्षणभरच.
मागच्या डिसेंबरात तिला घरी सोडायला गेले होते.
तिची आई बागेत, हातात छोटी कात्री,
घडाघडातून हिरवे मणी टपटप खाली पाडत होती.
किडके आहेत का, मी विचारलं.
"नाही ओ. चांगलेच आहेत.
पण सगळे ठेवले ना, तर एकही भरत नाही."
आणि न थांबता पुढचा घड.
तिच्या पायांशी चांगल्या मण्यांचा सडा पडला होता.
मी त्यावरून पाय उचलत, टाचा न टेकता चालले.

जागा नऊ. मुली चौदा.
काल रात्री पेन्सिलीला तीनदा टोक केलं.
रेणूचं नाव पाचव्या ओळीत होतं,
मग नवव्या,
मग खोडरबराचा भुगा फुंकला.
तिची पाठ अजून कच्ची आहे. वर्षभर थांबायला हवं.
हे खरं आहे. तरी झोप आली नाही.

आज दारावरची यादी तिने दोनदा वाचली.
बॅग कोपऱ्यात ठेवली, केस बांधले,
आणि येऊन पाइप धरला.
घट्ट. बोटं पांढरी होईपर्यंत.
मी पाहिलं.
काही बोलले नाही.
पाच, सहा, म्हटलं,
सात.