आठवी किल्ली

बावीस डिसेंबरपासून माझी बेल वाजत राहते.
"मावशी, किल्ली ठेवाल जरा?"
वर्गीस कोट्टायमला, सोनकांबळे नांदेडला आईकडे,
हर्डीकर मनालीला बर्फ बघायला,
जाताना फ्रीजमधली उरलेली कोथिंबीर
माझ्या हातात कोंबून.
सगळ्या मिळून सात किल्ल्या.
प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधते
आणि गव्हाच्या डब्यात पुरून ठेवते.

ऐरोलीची थंडी ती काय,
पहाटे स्वेटर, दहाला घाम,
रात्री रबाळ्याकडून येणारा औषधी वास.
तरी मुलगा दरवर्षी म्हणतो, इकडे ये.
मी म्हणते, किल्ल्या कोण सांभाळणार?
तो पुन्हा विचारत नाही.
दोघांच्याही सोयीचं आहे ते.

दुपारी मी घरोघर फिरते.
वर्गीसांच्या माशांना चिमूटभर खाणं,
त्यांच्या बाल्कनीतला कागदी तारा
सातला लावायचा, दहाला विझवायचा.
हर्डीकरांच्या तुळशीला तांब्याभर पाणी.
सोनकांबळ्यांचं घड्याळ बंद पडलं होतं,
मी सेल आणून घातला.
रिकाम्या घरातही वेळ बरोबर असलेली बरी.

फक्त ४०३ने किल्ली दिली नाही.
"आम्ही कूर्गला चाललोय,"
हेमांगी बुरांडे जिन्यात म्हणाली,
"झाडंबिडं काही नाहीत आमच्याकडे."
तीन आहेत. मी मोजलीत.
राग आला मला, खोटं कशाला बोलू.
आठ वर्षं त्यांच्या खाली राहते मी.

एकतीस वर्षं पालिकेत
पाण्याच्या बिलांच्या टेबलावर काढली.
शून्य युनिट आलं की आम्ही तीन शक्यता धरायचो:
घर बंद आहे, मीटर बिघडलाय,
किंवा कुणीतरी काहीतरी लपवतंय.

सव्वीसच्या रात्री, दीड वाजता,
डक्टमधल्या पाइपातून पाणी उतरलं.
५०३ला भाडेकरू नाही. राहिलं ४०३.
नळ सोडलेलं पाणी नव्हतं ते.
मगाने, थांबून थांबून, ओतलेलं.
मी अंथरुणात उठून बसले.
निरंजनच्या कंपनीच्या बसचा हॉर्न
दिवाळीपासून गेटवर वाजलाच नव्हता,
हे मला तेव्हा आठवलं.

अठ्ठावीसला यादव वॉचमन वर आला.
"४०३मध्ये उजेड दिसला काल.
सेक्रेटरींना फोन लावू का?"
मी जिन्यात उभं राहून,
वरच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं,
"अरे, मीच होते ती. झाडांना पाणी घालत होते.
किल्ली आहे माझ्याकडे."
तो मान हलवून उतरला.
त्या रात्री पाणी जरा मोकळं वाहिलं.

दोन तारखेला पहाटे चारला
चपला हातात घेऊन कुणीतरी जिना उतरलं.
मी कूस बदलली.
नऊला गेटपाशी रिक्षा थांबली.
बुरांडे उतरले, टोप्या घातलेले,
बॅगेची चाकं फरशीवर
रिकाम्या बॅगेची वाजतात तशी वाजली.
दूध घेऊन मी लिफ्टशी उभीच होते.

"काय गं स्वरांगी, काय पाहिलंस कूर्गला?"
तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"तिकडे उड्या मारायच्या नसतात," ती म्हणाली.
हेमांगीच्या हातातली बॅग
खाली ठेवायची राहून गेली.
मी म्हटलं, "थंडीच्या गावी तसंच असतं.
खालची माणसं झोपलेली असतात ना."
मग लिफ्ट आली. आम्ही चौघं,
आरशात न बघता, वर गेलो.

वर्गीस अजून यायचे आहेत.
सातला त्यांचा तारा लावायला उठले
तर डोक्यावर
धप्.
मग जरा थांबून, विचारल्यासारखं,
पुन्हा एकदा
धप्.